पाणमांजरांचे खांबेटे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे श्रीरंग खांबेटे बेअरिंगच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. क्वालिटीतला माणूस संध्याकाळी घरी येतो, पण क्वालिटी काही तिकडे ठेवून येत नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे कुंदाताईंनी, पोळ्या केल्या की पहिली आणि शेवटची पोळी ते उजेडात धरून बघायचे. "बघा, बघा," कुंदाताई म्हणायच्या, "जाड निघाली तर परत पाठवा." त्यावर ते खरोखर विचारात पडायचे.

माणूस सांगलीचा, वय अठ्ठेचाळीस, अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं. न्युरेम्बर्गला येऊन अकरा वर्षं झालेली. कारखान्यात त्यांचं काम म्हणजे खराब मालाला लाल पट्टी लावणं, आणि लाल पट्टी लावणाऱ्याला कुणी जेवायला बोलवत नाही. कॅन्टीनमध्ये ते दिसले की लोक ट्रे उचलून दुसरं टेबल धरत. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, निरीक्षण म्हणून. अकरा वर्षांत कुठल्या जर्मन माणसाने कामाशिवाय त्यांना घरी फोन केला नव्हता. मी त्यांना भाऊजी म्हणते. आणि आधीच सांगून टाकते, मला या माणसाचा भयंकर राग यायचा. अजूनही अधूनमधून येतो.

गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी अख्ख्या जर्मनीला फुटबॉलचं वेड लागलं होतं. विश्वचषक घरी होता, आमच्या शहरातही सामने होते, बाल्कन्यांवर झेंडे होते. माझा नवरा प्रसन्न एरवी बुद्धिबळसुद्धा बघत नाही, त्याने गालावर तिरंगी पट्टे ओढून घेतले, तेही उलट्या क्रमाने. भाऊजींच्या बागेशेजारी मात्र दुसराच फुटबॉल चालायचा.

बाग म्हणजे क्लाइनगार्टन. शहराच्या कडेला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपट, आणि कुंपण गुडघ्याला लागावं की कमरेला याचे चार पानी नियम. कुंदाताईंनी तिथे मेथी लावली होती. न्युरेम्बर्गमध्ये त्या काळी मेथीची जुडी मिळणं म्हणजे सणच. आम्ही दहा मराठी कुटुंबं त्या वाफ्यावर डोळा ठेवून असायचो.

कुंपणापलीकडच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल खेळणारा एक संघ प्रॅक्टिस करायचा. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांत उशा कोंबलेल्या, आणि नाव फुटबॉल असून चेंडूला पाय लावायची वेळ क्वचितच. ती वेळ आली की मैदानावर वेगळी माणसं उतरतात. काही जण किक मारणारे, काही जण समोरून आलेली किक झेलून पळत सुटणारे. यांना म्हणायचं स्पेशल टीम्स. नावावरून वाटेल की निवडक मंडळी असतील. या संघात उलटं होतं. लग्नात ज्याला काहीच जमत नाही त्याला अत्तर लावायला दारात उभं करतात, तशी ती स्पेशल टीम भरलेली होती.

एप्रिलपासून त्यांचा चेंडू मेथीत पडायला लागला. पहिल्या दोन वेळा कुंदाताईंनी तो परत फेकला. तिसऱ्या वेळी ठेवून घेतला. दुसरा कुणी असता तर कुंपणावरून ओरडला असता. भाऊजींनी सहा आठवडे नोंदी ठेवल्या. दर मंगळवारी आणि गुरुवारी फोल्डिंगची खुर्ची टाकून ते वाफ्याजवळ बसायचे. बागेचा नकाशा त्यांनी आलेखाच्या कागदावर काढला होता आणि चेंडू जिथे पडेल तिथे लाल ठिपका द्यायचे. एकूण एक्केचाळीस ठिपके झाले. मग ती फाइल काखोटीला मारून ते क्लबात गेले.

क्लब म्हणजे फेराइन. जर्मनीत दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की तिसऱ्याला सेक्रेटरी करून ती फेराइन काढतात. या फेराइनचं नाव पेग्निट्झ ऑटर्स. पेग्निट्झ ही आमच्या शहरातली नदी, आणि ऑटर म्हणजे पाणमांजर. या पाणमांजरांचा मुख्य प्रशिक्षक होल्गर हा पोटासाठी लोकांना गाडी शिकवायचा, त्यामुळे कुणीही बोलायला लागलं की त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत असल्यासारखा हलायचा. भाऊजींनी त्याच्यासमोर नकाशा उलगडला.

"तुमचा चेंडू चुकतो, याबद्दल माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "तो दर वेळी एकसारखा चुकतो, याबद्दल आहे. जो माणूस एक्केचाळीस वेळा बारा मीटर डावीकडेच मारतो, त्याला मारता येतं. त्याचं सेटिंग बिघडलंय."

होल्गर बराच वेळ ठिपके बघत राहिला. चौदा वर्षांत त्याच्या स्पेशल टीम्सकडे कुणी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. त्या मोसमातले पहिले चारही सामने ते किकमुळेच हरले होते.

"तुला मंगळवारी वेळ आहे?" त्याने विचारलं.

भाऊजी मेथी वाचवायला गेले होते, परत आले ते गळ्यात शिट्टी घालून. अट एकच होती. नेमणूक तात्पुरती. ऑक्टोबरात फेराइनची वार्षिक सभा असते, त्यात सभासद हात वर करून ठरवतील, या माणसाला कायम करायचं की निरोप द्यायचा.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होता फक्त धप्प असा आवाज. जूनमधल्या एका रविवारी, दुपारी दीड वाजता, माझ्या डोक्यावर काहीतरी पडायला लागलं. धप्प. थोडी शांतता. धप्प. जर्मनीत रविवारी दुपारी खिळाही ठोकायचा नाही, बाटल्याही टाकायच्या नाहीत, सगळा दिवस शांततेचा. आणि आमचीच माणसं वर धपधप करतायत! मी मोजले, ऐंशी झाले. एक्क्याऐंशीव्याला मी चपला सरकवून वर गेले, भांडायच्या पूर्ण तयारीने.

दार कुंदाताईंनी उघडलं. मागे पॅसेजमध्ये दोन मीटर उंचीचा एक जर्मन माणूस मोज्यांवर उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे धरले होते, त्यात तो चेंडू. त्याने तो सोडला. धप्प. चेंडू उसळून डावीकडे चपलांच्या स्टँडखाली गेला.

"नाइन," म्हणजे नाही, असं भाऊजी म्हणाले. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, हातात पट्टी.

"हा यान," कुंदाताई मला म्हणाल्या. "पोस्टमन आहे. पोहे खाणार?"

मी भांडायला आले होते, हे मला दुसऱ्या बशीनंतर आठवलं. यानच मेथीत चेंडू घालणारा किकर. भाऊजींनी त्याला लाथ मारायची बंदीच केली होती. त्यांचं म्हणणं, किक बिघडते ती पायात नाही, हातात. चेंडू हातातून सुटताना आडवा आणि सरळ सुटला पाहिजे. तसा सुटला तर जमिनीवर आपटून तो सरळ वर येतो, नाहीतर चपलांच्या स्टँडखाली जातो. यान वीस वर्षं टपालाची पिशवी डाव्या खांद्याला लावत आलेला, तो खांदा दोन बोटं खाली आलेला, म्हणून चेंडूचं नाक आत वळायचं. हे भाऊजींना कसं कळलं? ते एका सकाळी सायकलवरून त्याच्या मागे मागे टपाल वाटत फिरले होते.

"दोनशे वेळा सोडायचा रोज," भाऊजी म्हणाले. "आणि पिशवी उजव्या खांद्याला."

"अहो, पण त्याच्या घरी सोडू दे की," मी म्हणाले.

"त्याच्या घरी गालिचा आहे. गालिच्यावर दोष दिसत नाही."

यानने तोंडात पोहे असताना मान डोलावली. "गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. माझा राग कुठे टाकावा ते मला कळेना. भाऊजींनी माझ्या हातात एक स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, "ऊर्मिला, तू सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली. तुझा अंगठा स्थिर असेल. गुरुवारी मैदानावर ये." मी का गेले, हे अजूनही कोडंच आहे.

मैदानावर माझं काम एवढंच: यानने किक मारली की बटण दाबायचं, चेंडू खाली आला की पुन्हा दाबायचं. चेंडू जितका जास्त वेळ हवेत राहील तितकी आपली माणसं पुढे धावून झेलणाऱ्याला गाठतात, असा त्यातला हिशेब. जूनमध्ये आकडा तीन सेकंदांच्या आत होता. जुलैच्या शेवटी तो चारच्या पुढे गेला, आणि मेथी वर आली.

आता उरला दुसरा अर्धा भाग, समोरून आलेली किक झेलण्याचा. हे काम डेनिसकडे होतं. डेनिस सव्वीस वर्षांचा, पळण्यात वारा, आणि नोकरीला चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या या माणसाला डोक्यावर येणारा चेंडू कुठे पडणार ते समजायचं नाही. तो छाती पुढे काढून, डोळे मिटून, चेंडू पोटाशी धरायला बघायचा. चेंडू छातीवर आपटून पुढे उडायचा आणि समोरचे त्यावर झोपायचे. दोन झेलणारे असले की दोघे एकमेकांवर आपटायचे.

इथे भाऊजींचं असं काही बाहेर आलं जे कुंदाताई सोडून आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. सांगलीत असताना ते क्रिकेट खेळायचे. बॅटिंग नाही, बोलिंग नाही. फक्त सीमारेषेवर उभं राहून उंच उडालेले झेल घ्यायचे. सात वर्षांत त्यांनी एकही झेल सोडला नव्हता. "आमच्या लग्नाच्या बोलणीत त्यांच्या मामांनी हेच सांगितलं," कुंदाताई म्हणाल्या. "माझे वडील म्हणाले, बरं, पण नोकरी काय?"

त्या गुरुवारी भाऊजींनी चष्मा घट्ट केला, पँट मोज्यांत खोचली आणि यानला सांगितलं, मार. चेंडू वर गेला. भाऊजी चार पावलं मागे, एक डावीकडे, असे संथपणे सरकले. मग ओरडले, "माझा!" आणि हात चेहऱ्यासमोर नेऊन बोटांच्या टोकांवर तो चेंडू असा घेतला की आवाजसुद्धा झाला नाही. आणि त्याच झपाट्यात त्यांनी तो आनंदाने हवेत उडवला.

पाणमांजरं टाळ्या वाजवायला लागली. मी भाऊजींना पाच वर्षं ओळखत होते, पण त्यांना दात दाखवून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग रोज तेच सुरू झालं. हात चेहऱ्यासमोर. बोटं मऊ. पाय आधी, हात नंतर. आणि ज्याचा झेल त्याने ओरडायचं "माझा!", म्हणजे दुसरा बाजूला होईल. जर्मन शब्द घ्या ना, असं मी सुचवलं, तर भाऊजी म्हणाले, जर्मन शब्द समोरच्यांनाही कळतो. बव्हेरियाच्या त्या मैदानावर खांद्यात उशा घातलेले शंभर किलोचे गडी "माझा! माझा!" ओरडत पळायचे आणि बाजूच्या क्लाइनगार्टनमधल्या आजीबाई सॅलड खुडायच्या थांबायच्या.

जर्मन माणसाची एक खोड आहे. शिकवलं की तो सगळं शिकतो. आपण शिकवलेलं अर्धं सोडून देतो आणि वर शिक्षकाला अक्कल शिकवतो. डेनिसने पायांची पावलं उचलली, बोटं उचलली, "माझा" उचललं, आणि झेल पकडल्यावर चेंडू हवेत उडवणंही उचललं. प्रत्येक झेलानंतर भाऊजी उडवायचे, मग डेनिस उडवायचा, मग बाकीचे. बघायला फार छान दिसायचं. मीच एकदा फोटो काढला.

संघ सुधारला, यात शंका नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणमांजरांनी चारपैकी तीन सामने जिंकले. यानच्या किकनंतर समोरच्यांना हलायला जागा उरायची नाही, आणि डेनिस चेंडू झेलून लगेच असा सुसाट सुटायचा की एकदा तर तो थेट पलीकडच्या टोकाला जाऊनच थांबला. आणि वरच्या मजल्यावरचा फोन वाजायला लागला. यानचा यायचा, डेनिसचा यायचा, होल्गरचा तर रात्रीच्या जेवणात यायचा. कामाचं काही नसायचं. "ट्रेनर, कसा आहेस?" एवढंच. भाऊजी फोनवर उभं राहून बोलायचे. वजनसुद्धा थोडं वाढलं त्यांचं.

ऑगस्टमध्ये एकदा मी आणि कुंदाताई मेथी निवडत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "यांना हे हवंय गं. अकरा वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नाही. ऑक्टोबरात त्या लोकांनी नको म्हटलं ना, तर हे 'बरं' म्हणतील आणि पुन्हा पोळ्या तपासायला लागतील. मला ते बघवणार नाही." मी म्हणाले, नको का म्हणतील? त्या नुसत्या मेथी निवडत राहिल्या.

शेवटचा सामना सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, घरच्या मैदानावर. समोर लाल जर्सीवाले. जिंकलं तर पाणमांजरं गटात टिकणार, हरलं तर सगळ्यात खालच्या गटात. आम्ही चौघे मराठी एका बाकावर: कुंदाताई, मी, प्रसन्न आणि कारखान्यातले वासुदेव चितळे. चितळ्यांना खेळ कळत नव्हता, ते केकसाठी आले होते. भाऊजी रेषेजवळ फाइल धरून उभे होते.

दीड मिनिट उरलेलं असताना पाणमांजरं तीन गुणांनी पुढे होती. लाल जर्सीवाले अडकले आणि त्यांना किक मारून चेंडू देऊन टाकावा लागला. आता डेनिसने तो फक्त झेलायचा आणि हातात ठेवायचा. मग वेळ संपवायचा, की झालं. चेंडू उंच गेला, यानच्या चेंडूहूनही उंच. डेनिस सरकला. चार मागे, एक डावीकडे. "माझा!" त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. समोरचे अजून दहा पावलं दूर होते. एवढी सवड त्याला आजवर कधी मिळाली नव्हती. एरवी झेलताक्षणी जीव घेऊन पळावं लागायचं. त्याने हात चेहऱ्यासमोर नेले आणि चेंडू बोटांवर घेतला, आवाज न करता.

आणि त्याने तो आनंदाने हवेत उडवला.

मी ओरडले. प्रसन्न ओरडला. कुंदाताई बाकावर चढल्या. रेषेजवळ भाऊजींनी दोन्ही हात वर केले आणि त्यांची फाइल आकाशात गेली. झेल झाला! आता काय उरलं? आमच्या चौघांच्या आणि भाऊजींच्या रक्तात तेवढंच होतं, झेल झाला की संपलं. बाकीचे सगळे प्रेक्षक गप्प होते. खेळ चालू होता. या खेळात झेल झाला की सुरुवात होते, आणि हातातून सुटलेला चेंडू ज्याच्या हाती पडेल त्याचा. तो डेनिसच्या मागे पडला, वेडावाकडा उसळला, आणि लाल जर्सीवाल्यांपैकी तिघे त्यावर झोपले. मैदानावरची बाकीची पाणमांजरंही हात वर करून उभी होती. त्यांनाही तसंच शिकवलेलं होतं ना!

चितळे म्हणाले, "जिंकलो ना आपण?" दोनच झटक्यांत लाल जर्सीवाल्यांनी सात गुण केले. पाणमांजरं चार गुणांनी हरली आणि खालच्या गटात गेली.

डेनिस मैदानात गुडघ्यांवर बसला होता. भाऊजी त्याच्याजवळ गेले, त्याला हात देऊन उठवलं आणि काहीतरी म्हणाले. मग आपल्या फाइलचे उडालेले कागद गवतातून वेचत राहिले. एकेक वेचून क्रमाने लावले. मला त्या क्षणी त्यांचा राग नाही आला. मला नुसतं रडू आलं, आणि ते लपवायला मी चितळ्यांना उगाच केकवरून बोलले.

पुढचे पाच आठवडे वरचा फोन शांत होता. निदान मला तरी वाजलेला ऐकू आला नाही. कुंदाताई म्हणाल्या, दोनदा वाजला, पण यांनी घेतला नाही. ते टेबलाशी बसून लिहीत होते. कारखान्यात माल परत आला की आठ पायऱ्यांचा एक रिपोर्ट लिहावा लागतो: काय घडलं, का घडलं, मूळ कारण काय, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. तोच नमुना घेऊन भाऊजींनी शेवटच्या सामन्याचा रिपोर्ट लिहिला. सभेच्या आदल्या दिवशी कुंदाताईंनी तो मला दाखवला. चौथ्या पायरीवर लिहिलं होतं, "मूळ कारण: प्रशिक्षकाची सवय. खेळाडूने शिकवलेलं अचूक केलं. प्रशिक्षक: श्री. खांबेटे." आणि पाचव्या पायरीवर, "उपाय: प्रशिक्षक बदलणे."

"फाडून टाकू का?" कुंदाताईंनी विचारलं.

"पुन्हा लिहितील," मी म्हणाले.

"हो ना," त्या म्हणाल्या. "शिवाय पंचवीस प्रती काढल्यात. स्टेपल करून."

सभा फेराइनच्या खोलीत होती, तळलेल्या बटाट्यांचा वास असलेल्या. सभासद चोवीस. कुंदाताई आणि मी सभासद नव्हतो, तेव्हा आम्हाला मागे बसायला मिळालं, बोलायला नाही. भाऊजी पहिल्या रांगेच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट घालून. खालच्या गटात घसरलेल्या या मंडळींनी पहिली चाळीस मिनिटं नवीन कॉफी मशीन घ्यायचं की जुनं दुरुस्त करायचं यावर घालवली. मतदान झालं, दुरुस्ती जिंकली. मग सातवा विषय आला: स्पेशल टीम्सचा प्रशिक्षक.

भाऊजी उठले आणि प्रती वाटल्या. खोलीत बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज होता. जर्मन माणूस रिपोर्ट वाचताना चेहऱ्यावर काही येऊ देत नाही, तेव्हा मला कळेना. डेनिस चौथ्या पायरीवर बोट ठेवून थांबलेला मला दिसला. तो उभा राहिला.

"चेंडू मी उडवला," तो म्हणाला. "हे इथे कुठेच लिहिलेलं नाही."

"तू शिकवलेलं केलंस," भाऊजी म्हणाले.

"मे महिन्यात मला चेंडू पकडताच येत नव्हता! उडवायला आधी हातात यावा लागतो."

यान मागून म्हणाला, "गेनाऊ." होल्गरने कागद टेबलावर ठेवला. त्याचा उजवा पाय पहिल्यांदाच स्थिर होता.

"आल्झो," म्हणजे तर मग, अशी त्याने सुरुवात केली. "चौदा वर्षं मी या खोलीत बसतोय. आपण हरलो तेव्हा कधी पंच चुकला, कधी पाऊस आडवा आला, कधी मैदान वाईट होतं, एकदा तर बस उशिरा आली. 'माझ्यामुळे' असं आजवर कुणी म्हटलं नाही. आणि याने ते आठ पायऱ्यांत म्हटलंय." त्याने चष्मा पुसला. "खांबेटे प्रशिक्षक म्हणून कायम. बाजूने कोण?"

हात वर गेले. मी मोजले, सवयीने. तेवीस. कुंदाताईंनी डोळ्याला पदर लावला.

"विरोधात?" होल्गरने विचारलं. ते विचारावंच लागतं, नियम आहे.

पहिल्या रांगेच्या कडेला एक हात वर गेला. कोपर सरळ, बोटं जुळवलेली, शाळेत करतात तसा. भाऊजी सभासद होते. त्यांना मताचा अधिकार होता, आणि रिपोर्टच्या पाचव्या पायरीवर त्यांनी जे लिहिलं होतं त्याच्या विरुद्ध मत देणं त्यांच्या क्वालिटीत बसत नव्हतं.

सेक्रेटरीचं पेन वहीवर थांबलं. बाकीच्या तेवीस जर्मन पद्धतीच्या माणसांना यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं, कारण नियमात काही चुकत नव्हतं.

कुंदाताई उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत, दोघांच्या पायांवर पाय देत त्या पहिल्या रांगेत गेल्या. त्यांना बोलायचा हक्क नव्हता, आणि जर्मनमध्ये त्या बोलल्याही नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या."

"पण कुंदा, चूक माझी आहे."

"असू दे. घेतायत ना ते तुम्हाला, चुकीसकट. घ्या खाली."

भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात तसाच वर, आणि डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं, ते पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं. कुंदाताईंनी तो हात मनगटाला धरून खाली ओढला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"हे मत नोंदवायचं का?" सेक्रेटरीने विचारलं.

"मला कुठला हात दिसला नाही," होल्गर म्हणाला. "एकमताने."

पुढे आठवा विषय जाळ्या बदलण्याचा होता आणि नववा नाताळच्या पार्टीचा. ते दोन्ही संपेपर्यंत कुंदाताईंनी तो हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. न जाणो, पुन्हा वर गेला तर.